सोनेरी पिन आणि व्याह्यांचा दगड

दगड ही काही धावत जाऊन बघायची वस्तू नव्हे. तो पळून जात नाही, त्याला कोणी पळवत नाही, आणि आज बघायचा राहिला तर पुढच्या लाखभर वर्षांत सवडीने बघता येतो. असं असताना चष्म्याचं चालू दुकान, कुरकुरणारे गुडघे आणि एक खमकी बायको असलेला गृहस्थ दगडांमागे देशोदेशी का धावला, याचा एकदा नीट खुलासा व्हायला हवा. गल्लीत सध्या जे खुलासे फिरताहेत ते सगळेच्या सगळे बदनामीकारक आहेत.

या गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघायची सवय जडल्यामुळे ते रस्त्यातही लोकांकडे तसंच बघत, आणि नवखा माणूस उगाचच चोरी पकडल्यासारखा चपापत असे. एरवी माणूस निरुपद्रवी.

सगळं सुरू झालं ते व्याह्यांच्या कोटावरून. भिंगकाकांची एकुलती एक लेक शेजारच्या देशात दिली होती. शेजारचा देश म्हणजे फार लांब नव्हे. सकाळची बस धरली की दुपारी सरहद्द. व्याही निवृत्त हेडमास्तर. त्यांना त्यांची बायकोसुद्धा हेडमास्तरच म्हणायची, आणि ते घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत गेले तरी तपासणीला आल्यासारखे जात. एका रविवारी ही सगळी मंडळी भिंगकाकांकडे जेवायला आली. हेडमास्तरांच्या कोटावर एक सोनेरी पिन चमकत होती. आपलं काहीतरी बोलायचं म्हणून काकूंनी विचारलं, "ही पिन कसली हो?"

हा प्रश्न काकूंनी पुढे वर्षभर मनातल्या मनात परत घेतला.

हेडमास्तरांनी घसा साफ केला. एक खेळ आहे म्हणाले, जगभर चालतो. फोनवर एका जागेचा ठावठिकाणा मिळतो. फोन दाखवेल तिकडे जायचं. तिथे खजिना नसतो, डबा नसतो, चिठ्ठीचपाटी नसते. असतो एक दगड. किंवा कडा, किंवा झरा. जमिनीने स्वतः घडवलेलं काहीतरी. ज्याने ती जागा खेळात मांडली त्याने प्रश्न घातलेले असतात. दगड नीट बघायचा, उत्तरं त्या मांडणाऱ्याला पाठवायची, तो तपासणार. पास केलं की तो देश तुमच्या नावावर. एका देशाला पितळी पिन, तीन देशांना रुपेरी, आणि चार देश झाले की...

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नुसता कोट जरा पुढे केला.

"म्हणजे दगड घरी आणायचा नाही?" काकूंनी विचारलं.

"छे! बघायचा आणि परत यायचं."

"आणि त्यासाठी चार देश हिंडायचे?" काकूंनी हे इतक्या मऊ आवाजात विचारलं, की हेडमास्तरांना ते कौतुक वाटलं.

भिंगकाकांचे डोळे मात्र लकाकले होते. लेकीने ते बरोबर हेरलं. "बाबा, तुम्ही नका हं नादी लागू," ती हसत म्हणाली. "तुम्ही सुरू फार छान करता."

जावई हसला. विहीणबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. भिंगकाकाही हसले, न हसून सांगतात कोणाला! लेकीचं काही खोटं नव्हतं. माळ्यावर अर्धी विणलेली खुर्ची होती, तिच्यावर एकच सूर येत असलेली बासरी होती, आणि शेजारी एका परकीय भाषेचं पुस्तक, ज्याच्या पहिल्या धड्यातच ते मुक्कामाला राहिले होते. पण घरातलं घरात. व्याह्यांसमोर? ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आणि जिव्हारी लागलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. उभं राहून सगळ्यांसमोर प्रतिज्ञा केली.

"चार देश पुरे करीन," ते म्हणाले, "आणि सोनेरी पिन मिळाल्याशिवाय लेकीच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही!"

लेकीचा चेहरा पडला. प्रतिज्ञा करताना माणसाने आधी बसून विचार करावा, हे भिंगकाकांना लगेच कळलं. पण तोवर ते उभे राहून चुकले होते.

पहिला देश सोपा, कारण तो आपलाच. आणि दगडही गावातच निघाला. नगरपालिकेच्या कचेरीतली फरशी! त्या फरशीत म्हणे फार जुन्या समुद्रातले शंख रुतून बसले होते. त्यातला सगळ्यात मोठा शोधायचा आणि त्याचे वेढे मोजायचे. भिंगकाका सकाळीच गेले, डोळ्याला दुकानातलं भिंग लावलं, आणि रांगेतल्या माणसांच्या पायांमधून ओणवे फिरू लागले.

"काका, लेन्स पडली का?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

आता भिंगकाकांनी सरळ सांगायला हवं होतं. पण 'समुद्रातला शंख शोधतोय' हे वाक्य नगरपालिकेत म्हणून बघा म्हणजे कळेल. ते नुसते "अं... हो" म्हणाले. झालं! माणुसकीला उधाण आलं. "कोणी हलू नका!" असं पहारेकरी ओरडला. रांग जागच्या जागी थिजली. खिडकीमागच्या कारकुनाने काम थांबवलं, अर्थात त्याला तेवढं निमित्त पुरलं. बघता बघता निम्मी कचेरी गुडघ्यांवर आली. "चष्मेवाल्याचीच लेन्स पडली हो," असं प्रत्येक नव्या येणाऱ्याला सांगितलं जात होतं, आणि तोही हसून खाली बसत होता. या गर्दीत भिंगकाकांना शंख सापडला, पण त्याच्यावर एक जाड गृहस्थ बसले होते आणि त्यांना उठा म्हणण्यासारखं कारण सुचत नव्हतं. कहर म्हणजे त्या बाईंना खरोखरच एक लेन्स सापडली. कोणाची, देव जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगकाकांना ती घ्यावी लागली. नुसती घेऊन भागेना, डोळ्यात घालून दाखवा असाही आग्रह झाला, तो त्यांनी आरोग्याच्या कारणावरून फेटाळला. वेढे मोजायला त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं, आणि पहारेकरी म्हणाला, "पुन्हा पाडलीत?"

पण पितळी पिन आली. भिंगकाकांनी ती दुकानात गल्ल्यावर ठेवली. शेजारचा शिंपी येऊन बघून गेला. "काय मिळतं हिच्यावर?" त्याने विचारलं.

"काही नाही. मान असतो."

"बटणाच्या जागी चालेल," शिंपी म्हणाला.

पुढचे दोन देश त्यांनी एका सहलीत उरकले. बसची सहल, काकू बरोबर. सहलीवाला रंगीत कारंज्यांपुढे तास तास थांबायचा आणि कड्यासमोरून मात्र बस भरधाव सोडायचा. कडा हायवेला लागूनच होता, फोनवर ठिपका जवळ जवळ येत होता, आणि बस काही थांबेना. तेव्हा भिंगकाकांनी पोट धरलं. "थांबवा हो, थांबवा!" अशी हाक त्यांनी मारली, की ड्रायव्हरने मागे न बघता ब्रेक दाबला. ते कड्याकडे पळाले, थरांचे रंग बघितले, खालचा थर जुना की वरचा ते ठरवलं आणि प्रसन्न चेहऱ्याने परत आले. त्या प्रसन्नतेचा बसने वेगळाच अर्थ लावला. दुसऱ्या देशातही हाच प्रकार झाल्यावर बसमधल्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी त्यांचा ताबाच घेतला. उरलेली सहल सगळ्यांनी मेजवान्या झोडल्या आणि भिंगकाकांनी कोरडा टोस्ट चावला. काकू समोर बसून चवीने जेवत होत्या. "सांगू का त्यांना खरं?" त्या अधूनमधून विचारत, आणि भिंगकाका मुकाट्याने दुसरा टोस्ट उचलत. रुपेरी पिन अशी उपाशीपोटी मिळाली.

राहिला एक देश. आणि इथे नशिबाने त्यांची पुरती जिरवली. विमानाचे देश आवाक्याबाहेर. बसच्या अंतरावर उरलेला एकच देश, लेकीचा. त्या देशात सरहद्दीच्या आसपास फोनवर एकूण नऊ ठिपके दिसत होते, आणि नऊच्या नऊ दगडांखाली मांडणाऱ्याचं नाव एकच होतं. हेडमास्तर!

म्हणजे उत्तरं तपासणार कोण, तर व्याही. भिंगकाका दोन दिवस दुकानात नीट बोलले नाहीत. एका बाईंना त्यांनी लांबच्याऐवजी जवळचा चष्मा दिला आणि त्या दारातून बाहेर पडताना खांबाला नमस्कार करून गेल्या. वर्ष होत आलं होतं. काकू दोनदा एकट्या लेकीकडे जाऊन आल्या होत्या, येताना लेकीने बाबांसाठी विणलेली टोपी घेऊन आल्या होत्या. टोपी घालून भिंगकाका आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. लेकीची आठवण येत होती हो. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

शेवटी त्यांनी बेत केला. गुपचूप जायचं, दगड बघायचा, गुपचूप यायचं. खेळात त्यांनी स्वतःचं नाव 'उल्कापात' असं घेतलं होतं, त्यामुळे व्याह्यांना पत्ता लागणार नव्हता.

"नाहीच लागायचा," काकू म्हणाल्या. "एवढं भारदस्त नाव तुमचं असेल असं कोणाच्या स्वप्नात येईल? पण मी नाही येणार. लेकीच्या गावात जाऊन लेकीला न भेटता परत यायचं, हे चोराचं काम आहे. तुम्ही जा. दुकान मी बघते, निदान लोक खांबाला तरी धडकायचे नाहीत."

गुपचूप जाणार म्हटल्यावर सगळ्या गल्लीला कळलं. शिंप्याने हातोडी आणून दिली. दगडाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे त्याचं मत. समोरच्या औषधवाल्याने व्हिनेगरची बाटली दिली. चुनखडीवर टाकलं की फसफसतं म्हणे. नको म्हणायची सोय नव्हती. दोघांचीही मनं दुखावली असती. भिंगकाकांनी दोन्ही पिशवीत घातलं, वर लोहचुंबक, बॅटरी आणि आपलं भिंग ठेवलं, आणि सकाळची बस धरली.

सरहद्दीवरचा अधिकारी तरुण आणि कंटाळलेला होता. "प्रवासाचं कारण?" त्याने वर न बघता विचारलं.

'पर्यटन' एवढा एक शब्द म्हटला असता तर पाच मिनिटांत पलीकडे असते. पण भिंगकाकांना सरकारी माणसाशी आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नव्हतं. "दगड बघायला," ते म्हणाले.

अधिकाऱ्याने वर बघितलं. "कुठला दगड?"

"नदीकाठचा."

"न्यायचाय?"

"छे छे. नुसता बघायचा."

"आणि मग?"

"मग परत."

"पिशवी उघडा," अधिकारी म्हणाला. त्याचा कंटाळा पार गेला होता. "ही हातोडी कशाला?"

"शिंप्याने दिली."

"शिंप्याने! आणि बाटलीत काय आहे?"

"व्हिनेगर. म्हणजे खायचं नाही. दगडावर टाकायचं."

अधिकाऱ्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी बाटली हुंगली, भिंगातून हातोडी बघितली, भिंगातून भिंगकाकांना बघितलं. "इथे ओळखीचं कोणी आहे?" त्यांनी विचारलं.

लेक असताना नाही कसं म्हणायचं? "आहेत. व्याही आहेत."

"तुम्ही आलात ते त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"का? भांडण आहे?"

"भांडण नाही हो. पिन आहे."

साहेबांनी व्याह्यांचा नंबर मागून घेतला आणि फोन उचलला. भिंगकाका बाकावर बसून ऐकत होते. "हो, हातोडी... हो, शिंप्याने... नाही, नेणार नाहीत, नुसता बघणार म्हणतात..." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं जमवलेली अब्रू एका व्हिनेगरच्या बाटलीपायी गेली.

तासाभरात गाडी आली. पुढे हेडमास्तर, कोटासकट, पिनेसकट. मागून लेक आणि जावई. हेडमास्तर ना नमस्कार, ना चौकशी, थेट समोर येऊन उभे राहिले. "दगड बघायला आलात?" त्यांनी विचारलं. "कुठला? रांजणखळग्यांचा? माझा?"

"तुमचाच," भिंगकाका मान खाली घालून म्हणाले.

हेडमास्तरांनी त्यांचा हात धरला तो सोडेनातच. जखमेवर मीठ चोळतोय मेला, असं भिंगकाकांना वाटलं. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती. "बाबा, चला ना घरी," ती म्हणाली.

"पिन मिळेपर्यंत उंबरा ओलांडणार नाही म्हटलंय मी."

"मग आधी परीक्षा!" हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांनी गाडी नदीकडे वळवायला लावली.

दगड खरंच पाहण्यासारखा होता. नदीकाठी एवढा थोरला काळा खडक आणि त्याला रांजणासारखे गोल खोल खळगे, कोणी बसून कोरावेत तसे. हेडमास्तर हात मागे बांधून, दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. नातं आहे म्हणून काही इशारा जायला नको! पहिल्या प्रश्नाला, म्हणजे खळगे कशाने पडले याला, भिंगकाकांनी गोटे आणि भोवरे बरोबर सांगितले. दुसरा प्रश्न तळाशी काय आहे हा होता. त्यासाठी ते एका खळग्यात उतरले, वाकले, गोटे बघितले, आणि वर यायला निघाले तो येता येईना. कमरेएवढा खळगा, गुळगुळीत कडा, आणि गुडघे असले.

"हात द्या हो जरा!" ते म्हणाले.

"परीक्षा चालू असताना परीक्षकाने उमेदवाराला हात लावायचा नसतो," हेडमास्तर पाठमोरेच म्हणाले. शेवटी जावयाने काखेत हात घालून सासऱ्यांना उपटून काढलं. अशा तऱ्हेने जावयाच्या हातून निघणं, यापरता अपमान नाही.

तिसरा प्रश्न असा होता, की शेजारच्या दोन खळग्यांपैकी वयाने लहान कोणता. भिंगकाकांनी एक नजर टाकली आणि सांगितलं, "हा छोटा."

"चूक," हेडमास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अहो, आपलीच माणसं," जावई म्हणाला. "करा ना पास."

"नको!" भिंगकाका गरजले. "फुकटची पिन मला नको. मी उद्या पुन्हा बसतो."

रात्र त्यांनी बस स्टँडजवळच्या लॉजवर काढली आणि सकाळी एकटेच खडकाशी जाऊन बसले. भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मोठ्या खळग्याने छोट्याची भिंत फोडून आत शिरकाव केला होता. आणि एकदम त्यांना आपला शिंपी आठवला. शिंप्याने दुकान वाढवलं तेव्हा भिंगकाकांच्या भिंतीत असाच घुसला होता! भिंत आधी असते, फोडणारा नंतर येतो. अंगाने थोर असला म्हणून काय झालं? मोठा खळगाच मागाहून पडलेला! भिंगकाका तिथे एकटेच टाळी वाजवून हसले. पिनेचा त्या क्षणी त्यांना विसर पडला होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांखेरीज इतका वेळ दुसऱ्या कशाकडे आपण कधी बघितलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं.

लेकीच्या घरी जाऊन त्यांनी ओसरीवरूनच उत्तर सांगितलं. हेडमास्तर आतून आले. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

"मग करा की पास."

"करतो. घाई काय आहे? बसा." त्यांनी स्वतःची खुर्ची ओसरीवर आणली आणि बोलायला सुरुवात केली. रांजणखळग्यांवरून ते पलीकडच्या टेकडीवरच्या वाकलेल्या थरांवर आले, तिथून गरम पाण्याच्या झऱ्यावर. चहा बाहेर आला, जेवणाचं ताट बाहेर आलं. मध्येच भिंगकाकांनी आठवण केली, तर हेडमास्तर म्हणाले फोन चार्जिंगला लावलाय. मग म्हणाले चष्मा सापडत नाही. तो त्यांच्या नाकावर होता, आणि हे एका चष्मेवाल्याला सांगत होते! संध्याकाळ होत आली. आत लेकीचं घर, आणि भिंगकाका दारातल्या पायपुसण्याशेजारी. त्यांचा पारा चढला.

"हा काय छळ आहे?" त्यांनी दारात आलेल्या लेकीला विचारलं. "उत्तर बरोबर आहे म्हणतात आणि पास करत नाहीत!"

लेकीने मागे वळून बघितलं. हेडमास्तर आत पाणी प्यायला गेले होते. "बाबा," ती हळूच म्हणाली, "त्यांनी नऊ दगड मांडलेत ना, आजपर्यंत एकाही दगडाला कोणी आलेलं नाही. या गावात कोण येणार? ते रोज फोन उघडून बघतात. तुम्ही पहिले. पास केलं की तुम्ही पिन घेऊन जाल, मग पुन्हा कोण येतंय, असं काल रात्री आईंना सांगत होते."

भिंगकाकांना सरहद्दीवरचा तो न सोडलेला हात आठवला आणि आपण मनात घातलेली शिवी आठवली, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

हेडमास्तर तांब्या घेऊन बाहेर आले. "हं, तर तो झरा..."

"हेडमास्तर, तोंडी नको," भिंगकाका म्हणाले. "मला बघायचाय तो. बाकीचे आठही बघायचेत. पत्नीला फोन करून सांगतो की मला आठवडा लागेल."

"अहो, पण पिन तर एका दगडावर मिळते. आठांचं काही मिळत नाही."

"ते मला ठाऊक आहे."

हेडमास्तर बघतच राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. तो चार्ज झालेला होता, बहुधा सकाळपासूनच. त्यांनी बोट टेकवलं आणि भिंगकाकांचा फोन किणकिणला. चौथा देश!

भिंगकाका उठले, गुडघे धरून, आणि उंबरा ओलांडून आत गेले. लेकीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. वर्षभराचं दोघांनाही भरून आलं होतं. "आता आधी निवांत बसा," ती म्हणाली, "घर तरी बघा माझं."

तेवढ्यात मागून बुटांचा आवाज झाला. हेडमास्तर बॅटरी हातात घेऊन दारात तयार होते. "झरा इथून जवळच आहे," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "उजेड आहे तोवर एक प्रश्न होईल. अर्थात, तुम्हाला दमल्यासारखं वाटत असेल तर..."

भिंगकाकांनी लेकीकडे बघितलं. लेकीने सासऱ्यांकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, कपाळाला हात लावला, आणि मग वाकून स्वतःचे बूट पायांत चढवले. "थांबा," ती म्हणाली, "मीही येते. बघू तरी काय आहे एवढं त्या दगडांत."

हेडमास्तरांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

"दोन उमेदवार!" ते म्हणाले.